एका पार्टी-बँडचे बखरकार

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधले आमचे एक काका निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. तरुणपणी ते इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात होते आणि तिथून पदवीबरोबर एका पार्टी-बँडचं वेड घेऊन आले. त्या बँडची गाणी म्हणजे पाहुण्यांनी ओळीत उभं राहून कोपरं हलवायची. काका मात्र त्याची कारकीर्द पेशवाईसारखी सांगतात. आधी उदय, मग वैभव, मग समुद्रकाठच्या हॉटेलांतली उतरती कळा आणि शेवटी फूट. आता एकाच नावाचे दोन बँड तीच गाणी गात फिरतात.

"त्यातला खरा कुठला, काका?"

"दोन्ही खोटे. फूट पाडणाऱ्यांना अक्कल नसते."

याच काकांनी आमचं मराठी मंडळ फोडलं. गणपतीच्या जेवणात श्रीखंड हवं की पुरणपोळी, यावरून. तेव्हापासून दुसऱ्या मंडळाचे अध्यक्ष झालेल्या आपल्या जुन्या मित्राशी ते बोलत नाहीत. काकू म्हणतात, "असा मित्र या वयात पुन्हा मिळतो का? श्रीखंडापायी घालवला!"

परवा एका लग्नात डीजेने काकांचं लाडकं गाणं लावलं. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी करायची होती. काका धावत आले, तर शेवटच्या डब्याच्या जागी तेच मित्र. काका थबकले.

"काका, कमॉन!" नवरी ओरडली.

काकांनी हात ठेवले आणि घाईत डावा पाय पुढे टाकला. मागून हिसका बसताच मित्र वळून न बघता म्हणाले, "आधी उजवा पाय, गाढवा. तूच शिकवलंस ना?"

या विषयात कुणाचंही न ऐकणाऱ्या काकांनी मुकाट्याने पाय बदलला.