कोणत्या भाषेत रागावता? धुळ्याजवळचे दोन दिवस

मी पिंप्राळ्यात राहते आणि जळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी पुस्तकातलेच आकडे घेऊन मुलांना स्तंभालेख काढायला लावायचा कंटाळा आला होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत फॉर्मचा गठ्ठा घेऊन स्वतःच निघाले. प्रश्न एकच : घरी कोणती भाषा बोलता?

सकाळची धुळ्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट. एरंडोल, पारोळा करत अडीच तास लागतात. हायवे चांगला आहे, पण पुढे गावापर्यंत शेअर रिक्षा कंबर खिळखिळी करते. मैत्रिणीच्या आईकडे उतरले. गावात त्यांना सगळे अक्का म्हणतात. तुम्हीही असं काही करणार असाल तर दुपारी जाऊ नका, सगळे कापूस वेचायला गेलेले असतात. पाचनंतर दोन गल्ल्या फिरले. जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं, मराठी. अक्कांनीही.

ओट्यावर बसून वहीत कच्चा आलेख काढला. मराठीचा खांब उंच, खानदेशच्या अहिराणीचा इवलासा. 'अहिराणी संपत आली' असं खाली लिहूनही टाकलं. तेवढ्यात अक्कांनी सुनेला हाक मारली, "च्या मांड व! बाई जयगावथीन येल शे."

म्हणजे, चहा ठेव, जळगावहून बाई आल्यात. मी पेन खाली ठेवलं. "अक्का, ही तर अहिराणी. मग मला मराठी का सांगितलंत?"

"तुम्ही मराठीत इचारं, मी बी मराठीत सांगं," त्या म्हणाल्या. "आनी फारमवर घरनं बठ्ठं लिखतस का?" घरातलं सगळं काय फॉर्मवर लिहायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, पण माझं जेवणात लक्ष नव्हतं. अख्खी संध्याकाळ मी चुकीचं विचारत हिंडले होते.

दुसऱ्या दिवशी अक्कांना सोबत घेऊन त्याच घरांमध्ये परत गेले. प्रश्न बदलला आणि तो अक्काच विचारत होत्या : घरात कोणावर चिडलात तर कोणत्या भाषेत बोलता? लोक हसायलाच लागले. एक आबा म्हणाले, "मराठीमा राग येसच नही!" अहिराणीचा खांब वहीच्या वरच्या कडेला टेकला.

घरी आल्यावर दोन्ही आलेख शेजारीशेजारी काढले. माणसं तीच, खांब उलटे. पहिला फाडून टाकायचा मोह झाला, पण ठेवला. यंदा वर्गात आधी तोच दाखवणार आहे, माझ्या वाक्यासकट.

एक फॉर्म उरला होता. तो घेऊन आईकडे गेले. ती अमळनेरकडची, म्हणजे अहिराणी मुलखातलीच, पण माझ्याशी कायम शुद्ध मराठीत बोलणारी.

"तू माझ्यावर कोणत्या भाषेत रागवायचीस?"

तिने माझ्या हातातून फॉर्म घेतला. "तू शाळेत जायला लागलीस आणि सोडली मी अहिराणी," ती म्हणाली. "तिथे तुला हसतील असं वाटलं."

"आता बोल ना."

"आते काय बोलू व माय?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता फॉर्मची घडी घालत बसली.