लेकीचा इंटरव्ह्यू अन् हॉस्टेलची प्रॉक्सी

मंडळी, आत्ता कुठं जिवात जीव आला.

लेक काल हॉस्टेलवरून उस्मानपुऱ्यात घरी आली. आज तिचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, अन् लॅपटॉपवर नेटच नाय. मी नेटवाल्या रफिकभाईंना फोनवर लई बोलले.

फोन ठेवला तर लेक म्हणते, "मम्मी, तुझ्या मोबाईलवर तर घरचं वायफाय चालतंय."

मग तिला आठवलं. हॉस्टेलचं नेट कॉलेजच्या प्रॉक्सीतून, म्हणजे कॉलेजच्या मधल्या कॉम्प्युटरमधून जातं. ती सेटिंग तशीच राहिली होती, म्हणून लॅपटॉप आपल्या घरात बसून कॉलेजचा रस्ता शोधत होता. प्रॉक्सी बंद केली, लगेच नेट सुरू झालं. इंटरव्ह्यूही वेळेवर झाला.

आता रफिकभाई शिडी घेऊन दारात उभे आहेत. मी चहा ठेवलाय. पण त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा.