खिडकीजवळची दस्ती

आमच्या भूगोलाच्या सरांना हरवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि तो वारल्यानंतरही सरांना रोज सकाळी भेटायचा. हे मी थट्टेने लिहीत नाही. मी सरांच्याच शाळेत, सेलूला, चित्रकला शिकवतो. परभणीहून त्यांच्याच पॅसेंजरने अपडाऊन करतो आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसतो. जे पाहिलं ते हाताच्या अंतरावरून पाहिलं आहे.

सरांना व्यसन एकच, प्रश्न विचारण्याचं. तपासनीस तिकीट बघायला आला की पास काढता काढता ते त्याला जगातला सर्वांत लांब फलाट विचारायचे. डॉक्टरांनी काखेत थर्मामीटर लावलं की तापाचं राहू द्या, आधी पारा धातू असून पातळ का ते सांगा म्हणायचे. भाजीवालीला एकदा विचारलं, मिरची आपल्याकडं कुठून आली. ती म्हणाली, मोंढ्याच्या बाजारातून. सरांनी तिला अर्धे मार्क दिले आणि मिरच्या मात्र पूर्ण पावशेर घेतल्या. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरत. उत्तर चुकलं तर चालायचं, पण "हरलो" म्हटल्याशिवाय ते बरोबर उत्तर सांगत नसत, आणि आपल्या पानावरची जिलेबी तोवर थंड होऊन जाई. स्वतः सर कधी कुणापुढे "हरलो" म्हणाल्याचं कुणाला माहीत नव्हतं.

त्यांना तोडीस तोड भेटले ते आमचे विज्ञानाचे सर. ते पेडगावला चढायचे. भूगोलाचे सर परभणीलाच खिडकीजवळच्या जागेवर आपली निळ्या चौकडीची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, टाकून ठेवत आणि गाडी कितीही भरली तरी ती जागा कुणाला देत नसत. पेडगाव आलं की दारातून आवाज यायचा, "जय भीम, सर." हे म्हणायचे, "जय भीम. बसा." दस्ती उचलली जायची आणि सेलू येईपर्यंत दोघांची जुंपायची. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, आणि न आल्यास "हरलो" म्हणायचं, हा कायदा. विज्ञानाचे सर मोकळेपणाने हरत. आमचे सर मात्र "उद्या सांगतो" म्हणून रात्रभर पुस्तकं उपसत. टीव्हीवर शिक्षकांच्या जोड्यांची प्रश्नमंजूषा सुरू झाली तेव्हा दोघांनी मिळून नाव दिलं. अख्ख्या डब्याला वाटलं, आता सेलूचं नाव निघणार.

मग ती संध्याकाळ आली. परतीच्या गाडीत विज्ञानाच्या सरांनी विचारलं, असा कोणता पक्षी आहे जो महिनोन्‌महिने जमिनीला पाय लावत नाही, खातो उडताना आणि झोपतोही उडताना? सरांना येईना. पेडगाव आलं. विज्ञानाचे सर खाली उतरून खिडकीशी आले आणि हसत म्हणाले, "हरलो म्हणा सर, आत्ता सांगतो." सर म्हणाले, "न्हाई म्हणत. उद्या." गाडी हलली. फलाटाच्या पत्र्याखाली उभं राहून त्यांनी एक बोट वर केलं, ते मीही पाहिलं. पहाटे त्यांना झटका आला आणि ते गेले. त्या वर केलेल्या बोटाचा अर्थ मग डब्यातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने लावला आणि कुणी तो मोठ्याने बोलला नाही.

त्यांचे दिवस झाल्यावर आमचे सर पुन्हा गाडीत आले, आणि त्यांनी दस्ती टाकली. आम्हांला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. पेडगाव आलं. दारात कुणी नव्हतं. सर जरा सरकून बसले आणि म्हणाले, "जय भीम. बसा." त्यांनी दस्ती उचलली नाही, एवढाच काय तो फरक. थोड्या वेळाने ते रिकाम्या जागेकडे कान करून म्हणाले, "जस्त." मग बराच वेळ काही नाही. मग, "लडाख." मग किंचित हसून, "डावं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच क्रमाने. शेवटी ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "न्हाई म्हणत."

डबा कुजबुजायला लागला. कुणी नांदेडचा डॉक्टर सुचवला, कुणी अंगारा. एकदा मानवतचा एक बँकेतला कारकून सगळ्यांचं न ऐकता त्या दस्तीवर बसला आणि कोल्हा स्टेशन यायच्या आत उठून दारात जाऊन उभा राहिला. पंख्याखाली लय गार लागायलंय म्हणाला. वैशाखाचे दिवस होते, आणि त्या जागेवरचा पंखा कैक महिन्यांपासून बंद होता. त्यानंतर तिथे कुणी बसलं नाही. गाडी दाटून भरलेली असायची आणि एवढी एक जागा रिकामी. मला तिच्याकडे बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

मी एकदा सरांना म्हटलं, त्या पक्ष्याचं नाव मोबाईलवर बघून टाका ना, घडीभराचं काम. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खजील झालो. म्हणाले, "उत्तर मिळालं की खेळ संपला. हरलो म्हटलं की ते उत्तर सांगणार, अन् सांगितलं की उतरून जाणार. मंग मी बसू कुणाबरूबर?"

आणि अशात टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. जोडी हवी होती, आणि जोडीला जायला शाळेत कुणी धजेना. शेवटी मुख्याध्यापकांनी माझं नाव सांगितलं, कारण चित्रकलेचा तास बुडाल्याने कुणाचं नुकसान होत नाही. मुंबईच्या त्या स्टुडिओत प्रत्येक जोडीला दोन फिरत्या खुर्च्या होत्या. सरांनी एकीवर बैठक मारली आणि दुसरीवर दस्ती अंथरली. संयोजक बाईंनी समजावलं, मी समजावलं, सर म्हणाले जागा धरलेली आहे. अखेर माझ्यासाठी कॅन्टीनमधून प्लॅस्टिकचं स्टूल आलं, आणि महाराष्ट्राने मला जे पाहिलं ते टेबलावर ठेवलेलं मुंडकं म्हणून पाहिलं. दिवे लागले. सर रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाले, "जय भीम. बसा."

पहिला प्रश्न आला. पितळ करताना तांब्यात कोणता धातू मिसळतात? सर म्हणाले, "जस्त." मला काही वाटलं नाही. पुढे आमची पाळी आली तेव्हा विचारलं, भारतातलं थंड वाळवंट कोणत्या प्रदेशात आहे? सरांनी "लडाख" म्हटलं आणि मी स्टुलावर ताठ होऊन बसलो. तिसरा प्रश्न वाचून व्हायच्या आधीच मला उत्तर ठाऊक होतं. माझं सामान्यज्ञान शाळेत विनोदाचा विषय आहे, पण माणसाचं कोणतं फुफ्फुस लहान असतं हे मी त्या क्षणी झोपेतून उठून सांगितलं असतं. महिनोन्‌महिने पेडगाव ते सेलू ऐकत आलो होतो. सर मात्र शांत होते. झालेला धडा फळ्यावर परत लिहावा तसे सांगत होते. शेवटी साताऱ्याकडच्या दोन बाई आणि आम्ही बरोबरीत आलो, एकच प्रश्न उरला, आणि तो कोणता असणार हे आम्हां दोघांनाही कळलं होतं. सरांचा हात टेबलाखाली माझ्या मनगटाशी आला. बर्फासारखा होता.

निवेदकाने वाचलं. असा कोणता पक्षी आहे, जो महिनोन्‌महिने जमिनीवर उतरत नाही?

घड्याळाचा काटा फिरू लागला. सर खुर्चीकडे बघत होते. मला त्यांची घालमेल दिसत होती. गप्प राहिले असते तरी घंटा होणार होती, आणि तो परका माणूस हसत हसत उत्तर सांगून मोकळा होणार होता. इतके दिवस जपलेली गोष्ट अशी भलत्याच्या तोंडून संपणार होती. निवेदकाने विचारलं, "उत्तर, की पास?" सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दस्तीकडे वळून, अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसे ते म्हणाले, "हरलो, सर."

निवेदकाने पास समजून प्रश्न बाईंकडे दिला. सरांनी कान तसाच खुर्चीकडे लावला होता. मग त्यांचा चेहरा उजळला, लहान मुलाचा उजळतो तसा, आणि ते पुटपुटले, "पाकोळी." बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. त्यांचं उत्तर चुकलं, मग निवेदकाने कार्ड उलटून पाकोळी असं सांगितलं. पास दिल्यामुळे आमचं उत्तर आता धरता येत नव्हतं. पुढच्या एका प्रश्नावर बाई जिंकल्या, आणि तो मी ऐकलाही नाही. मी शेजारची खुर्ची बघत होतो. कुणी उठून गेल्यावर फिरते तशी ती अर्धी फिरली आणि थांबली. एसीचा वारा असेल. दस्ती मधोमध चुरगळली होती. सरांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बक्षीस गेलं म्हणून रडताहेत असं सगळ्यांना वाटलं.

सोमवारी गाडीत ती दस्ती खिशातच राहिली. पेडगाव आलं. सरांनी खिडकीतून वर पाहिलं. फलाटाच्या पत्र्याखाली पिसं-काड्यांची घरटी होती, आणि त्यांतून पाकोळ्या सपासप आत-बाहेर करत होत्या. सरांनी आपलंही एक बोट वर केलं आणि मान हलवली. तेवढ्यात वालूरची एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली आणि तिने विचारलं, "इथं कुनी हाय का, गुरुजी?" सर जरा सरकून बसले. "न्हाई," म्हणाले, "बसा माय." ती बसली, आणि गार लागतंय असं काही म्हणाली नाही. मला खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं.

मानवत रोडला सरांनी खिशातली दस्ती चाचपली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, चित्रकलेचंच विचारतो, निळा अन् पिवळा मिसळला की कोणता रंग होतो? स्टुडिओतली माझी अवस्था पाहून दया आली असावी. पाचवीच्या वर्गाला मी हे दरवर्षी शिकवतो. मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हटलं, "लय अवघड विचारलं सर. उद्या सांगतो."

सर हसले. कितीतरी महिन्यांनी डब्यातल्या कुणाकडे तरी बघून हसले. म्हणाले, "हरलो म्हणा, आत्ता सांगतो."

"न्हाई म्हणत," मी म्हणालो.

येत्या उन्हाळ्यात सर निवृत्त होणार आहेत. ते रोज विचारतात, आणि खिडकीबाहेर ज्वारी वाऱ्यावर डोलत असते. निदान तोवर तरी मला हिरवा रंग आठवणार नाही.