करावा लागला

बूटपॉलिशचा आणि भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा वास एकमेकांत मिसळले की त्यातून तिसराच एक वास जन्माला येतो. किंचित करपलेला, किंचित गोडसर. चामराजपेटेतल्या सासरच्या घरी माझी प्रत्येक सकाळ त्या वासाने उजाडे. समोरच्या दुकानात कॉफीच्या बिया भाजल्या जात आणि जगलीवर, म्हणजे दारापुढच्या दगडी कट्ट्यावर, माझे सासरे बूट चमकावत बसलेले असत. पोलीस खात्यातल्या मोठ्या हुद्द्यावरून ते केव्हाच निवृत्त झाले होते. कुठे जायचे नसे. बूट मात्र रोज चमकत.

मी पुण्याची. साहित्य शिकलेली, शब्द कानाजवळ धरून वाजवून पाहण्याची सवय लागलेली. सासरचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोडदळाबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांच्या मराठीत कानडी शब्द इतके मुरले होते, की ते पाहुणे आहेत हे सांगायला मला पाहुणीलाच यावे लागले.

साठानंतरच्या दशकातले ते एक वर्ष. उत्तरेत कुठेतरी जमावावर गोळीबार झाला होता आणि देशाच्या गृहमंत्र्यांना पदावरून काढावे, अशी मागणी वर्तमानपत्रांतून रोज उठत होती. आमच्या घरी ती मागणी कॉफीबरोबर यायची.

“मंत्री काढला की टोपी बदलते गे,” मामंजी म्हणत. “डोकं तेच राहतं.”

सासूबाई आतून, वाती वळता वळता उत्तर देत, “टोपी उतरली की डोक्याला ऊन लागतं. तेवढं तरी लागू दे की.”

मामंजी वर्तमानपत्राची घडी घालत. बोलणे तिथे थांबे, आणि ते का थांबते हे मला ठाऊक होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका गिरणीच्या फाटकापाशी त्यांच्या तुकडीने गोळ्या झाडल्या होत्या. एक कामगार गेला. चौकशी झाली आणि कोणाचाच दोष निघाला नाही. ते ठरल्या दिवशी, हारतुरे घेऊन निवृत्त झाले. लग्नानंतर काही महिन्यांनी सासूबाईंनी मला हे सांगितले. तांदूळ निवडताना, वर न बघता. मामंजींनी स्वतः त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि जुन्या शेजाऱ्यांनीही, सभ्यपणाने, कधी विचारले नाही.

गणेशोत्सवात मराठी मंडळात अभिरूप न्यायालय भरवायची प्रथा होती. कधी हुंड्यावर खटला चालायचा, कधी सिनेमावर; लोक पोटभर हसायचे. त्या वर्षी चिटणिसांनी विषय ठरवला, ‘देशाच्या गृहमंत्र्यांस पदावरून दूर करावे काय?’ मग ते आमच्या जगलीवर येऊन कपाळ पुसू लागले.

“आरोपी व्हायला कोणी तयार नाही हो. सगळे सरकारी नोकरीत. खोटा गृहमंत्री झालो तर खरी बदली होईल म्हणतात!”

“मी होतो,” मामंजी म्हणाले. “माझं पेन्शन चालू आहे. मला कोण काढतो बघू.”

चिटणीस क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग घाईने म्हणाले, “आणि सरकारी वकील?”

“हिला घ्या की. पुण्याची आहे. तक्रारीला वेगळी तयारी लागायची नाही.”

सासूबाई दारात आल्या. “बरं झालं गे. बाकीच्या सुना सासऱ्याला पाठीमागे बोलतात. तुला लाउडस्पीकर मिळाला.”

मी हसले. मामंजींनी हे का मागून घेतले, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. चौकशीने त्यांना सोडले होते. पण सोडणे म्हणजे निकाल नव्हे. तो त्यांना आपल्या माणसांच्या तोंडून हवा होता, मग तो दुसऱ्याच्या नावाने का मिळेना.

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात न्यायालय भरले. शेवंती, कापूर आणि नव्या सतरंज्यांचा उग्र वास. लाउडस्पीकर मधूनच शीळ घाली. उलट्या बाकाचा पिंजरा केला होता. त्यात पांढरी टोपी घातलेले मामंजी. न्यायासनावर चिटणीस. पुढच्या रांगांत जुनी घराणी, मागे कारखान्यांत नव्याने नोकरीला आलेली पुण्या-मुंबईकडची मंडळी.

“आरोपी,” मी सुरुवात केली, “देश जागा असताना आपण झोपला होतात, हे खरे काय?”

“साफ खोटं. देश झोपला होता म्हणून मीही झोपलो. लोकशाही आहे.”

हशा झाला. पुढची काही प्रश्नोत्तरे अशीच, आम्ही आधी ठरवलेली. मग मी विचारले, “गोळीबार कोणी केला?”

“करावा लागला,” ते म्हणाले.

हेही ठरलेलेच उत्तर होते, आणि त्याला माझा प्रत्युत्तराचा फटका तयार होता. त्या शब्दरचनेवर मी मनोमन खूश होते.

“न्यायमूर्ती महाराज, ‘लागणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. गोळीबार करावा लागतो आणि गोळीही लागते. पहिल्या लागण्याला कर्ता सापडत नाही; दुसऱ्याला मात्र एक माणूस लागतोच.”

मागच्या रांगांतून टाळ्या उठल्या. पुढच्या रांगा स्तब्ध होत्या. बाकाच्या कडेवरचा मामंजींचा हात निघाला, टोपीकडे गेला. त्यांनी टोपी काढली आणि समोर ठेवली.

“हुकूम मी दिला,” ते म्हणाले.

हे ठरलेले नव्हते. ‘मंत्री कसला हुकूम देतो, तो तर दिल्लीत!’ असे मागून कोणीतरी ओरडले आणि थोडे लोक हसले. चिटणीस कागद चाळू लागले, जणू त्यांत पुढचे वाक्य सापडेल.

“फाटकापाशी मी होतो,” मामंजी सावकाश म्हणाले. “पळायला वाट होती की नाही, ते मी बघितलं नाही. स्वल्प थांबायला हवं होतं. थांबलो नाही.”

विनोद करून प्रसंग सावरणे मला शक्य होते; चिटणिसांचे डोळे तीच विनवणी करत होते. पण मामंजी माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत विनवणी नव्हती. वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी, तशी ती नजर होती.

“सरकारी वकिलांची मागणी?” चिटणिसांनी कसेबसे विचारले.

“पदावरून दूर करावे,” मी म्हणाले.

नियमाप्रमाणे निकाल सभेचा. ज्यांना मान्य त्यांनी हात वर करावेत. मागच्या रांगांतले हात भराभर उठले. त्यांच्यासाठी तो अजूनही दिल्लीचाच खटला होता. जुन्या मंडळींचे हात मांडीवरच राहिले. मग बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, एक हात वर गेला. हिरव्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या, त्यांचा किणकिणाट मला व्यासपीठावर ऐकू आला. सासूबाईंनी हात बराच वेळ तसाच ठेवला. नवऱ्याकडे त्या पाहत होत्या, आणि तेही त्यांच्याकडे.

“आरोपीस पदावरून दूर करण्यात येत आहे,” चिटणीस म्हणाले. मामंजींनी मान लववली. खांदे मात्र उतरले, ओझे खाली ठेवल्यावर उतरतात तसे.

सासूबाई प्रसाद वाटायला मागे थांबल्या. माझ्या यजमानांची कारखान्यात दुसरी पाळी होती. दिवेलागणीला मी आणि मामंजी दोघेच घरी परतलो. मी पान मांडले. त्या घरात पुरुषांची जेवणे होईतो सुना उभ्याने वाढत. मीही उभी होते. मामंजींनी भात कालवला. मग डाव्या हाताने शेजारचा रिकामा पाट भिंतीपासून ओढून आपल्या पानाच्या ओळीत आणला.

मी वाकून सारू वाढू लागले. पळीतून वाफ वर येत होती, मिऱ्या-जिऱ्याची. शेवटी न राहवून मी म्हणाले, “मामंजी, काल ठरवलं तेव्हा ते वाक्य तुम्ही–”

“बस.”