चांगुणामावशीचा उजवा हात

गेले काही महिने मी इथले अनुभव गुपचूप वाचते आहे. प्रामाणिकपणे सांगते, त्यातले निम्मे वाचून मला हसूच आलं. मी आयुष्यभर तक्ते भरले, मोजमापं घेतली. "मला वाटलं" आणि "मी पाहिलं" या दोन वाक्यांत फरक असतो, हे आमच्या पहिल्या ट्रेनिंगमध्येच डोक्यात ठोकून बसवलं होतं. भूत, संकेत, दृष्टांत... यातलं काहीही मी मानत नव्हते. आजही मानते असं नाही. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या टेबलावर, भर दिवसा, माझ्या हातात पेन असताना घडली. मुलगी म्हणाली, "आई, लिही एकदा." म्हणून लिहिते.

१९८३-८४ चा काळ. मी चोवीस वर्षांची, मूळची साताऱ्याची. वाशीत आत्याकडे राहायचे. तेव्हा वाशीत इमारतींपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा किती निकामी होतात आणि नव्या गोळ्यांनी त्यांत पुन्हा जीव येतो का, यावर एक संशोधन चालू होतं. मी त्यात तपासणीचं काम करायचे. आठवड्यातून तीन दिवस जीप आम्हाला उरणच्या बाजूच्या गावांमध्ये सोडायची. ही गोष्ट जासईच्या पुढे, मिठागरांना लागून असलेल्या एका वस्तीतली. तिचं नाव देत नाही, माणसं अजून आहेत तिथे.

तपासणी अगदी साधी असायची. पेशंटच्या डोळ्यांवर स्वच्छ फडकं बांधायचं, हात उशीवर ठेवायचा, आणि नायलॉनच्या बारीक धाग्याने ठरलेल्या जागी हलकेच स्पर्श करायचा. त्याने दुसऱ्या हाताने ती जागा दाखवायची. मध्येमध्ये मुद्दाम स्पर्श न करताच विचारायचं, "आता?" म्हणजे कोण अंदाजाने बोलतंय ते कळतं. फॉर्मवर हाताचं चित्र छापलेलं असायचं, त्यावर खुणा करायच्या.

चांगुणामावशी पन्नाशीची असेल. मिठागरावर काम करून करून चेहरा रापलेला. तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पूर्ण बधिर होता, बोटं आत वळलेली. चुलीवरची जळती काटकी त्या हाताला लागली तरी तिला वास आल्यावर कळायचं. आमच्या तीन तपासण्या झाल्या होत्या. तिन्ही वेळा उजव्या हाताचं चित्र कोरं. अंदाजाने "हो" म्हणायचीही तिला सवय नव्हती. "नाय गो बाय, नाय लागत," एवढंच.

ती भावाच्या, धर्माच्या, घरामागे एका खोपटात राहायची. तिला एक मुलगी होती, मंदा. रोग लक्षात आला तेव्हा मंदा सात वर्षांची होती. तिला तळोज्याला चुलत्याकडे पाठवलं आणि सांगितलं, आई वारली. हे दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, चांगुणामावशीनेच करायला लावलं होतं. पुढे मंदाचं लग्नही तळोज्यातच झालं. "आय जिती हाय कललं, आनि तिला काय झालाय तं कललं, तं पोरीला नांदवतील काय?" असं ती मला एकदा म्हणाली होती. मी कुणाला सांगणार नाही, असं वचनही तिने माझ्याकडून घेतलं होतं.

चौथी तपासणी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी होती. समाजमंदिराची खोली, दार सताड उघडं, बाहेर ऊन. खोलीत आम्ही दोघीच. फॉर्मवर सुरुवातीची वेळ लिहावी लागायची, म्हणून आठवते — अकरा वाजून दहा मिनिटं. डावा हात व्यवस्थित झाला. उजव्यावर धागा टेकवला, उत्तर नेहमीचंच. "नाय... नाय."

मी धागा खाली ठेवून फॉर्मवर लिहीत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आता लागला."

"मावशी, मी काहीच केलं नाहीये आत्ता."

"तू नाय. कोनी तरी हात धरलाय."

मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने डाव्या हाताने जागा दाखवली, अंगठ्याच्या मुळाशी आणि पंजाच्या पाठीवर. मग म्हणाली, "सोरला." म्हणजे सोडला. मला वाटलं, आज बाई दमली आहे. मी पुन्हा धागा टेकवला. काही नाही. चांगला जाड धागा घेऊन दाबला. काही नाही. मी हात मागे घेतला, आणि पाच-सहा मिनिटांनी पुन्हा... "धरला. घट्ट धरलाय गो."

"कसा लागतोय?"

"गरम. तुजा हात गार असतो. यो घामेजलेला हाय."

ती घाबरली नव्हती, हे मला विशेष आठवतं. मान थोडी तिरकी करून ती लक्ष देत होती, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तशी. मी काय करावं? सवयीने जे येतं तेच केलं. प्रत्येक वेळी ती "धरला" म्हणाली की घड्याळ बघून समासात वेळ लिहिली. आधी सहा मिनिटांनी, मग पाच, मग चार. शेवटी शेवटी तर दोन-दोन मिनिटांनी. पावणेबाराच्या सुमाराला ती एकदम पुढे वाकली. "आयो... किती जोर लावते गो!" लावते म्हणाली. तोपर्यंत "कोनी तरी" होतं.

मग ती सैल झाली. "गेली," म्हणाली.

मी डोळ्यांवरचं फडकं सोडलं आणि तिचा हात उजेडात घेतला. पंजाच्या पाठीवर चार अर्धगोल खुणा होत्या, आणि तळव्याच्या बाजूला अंगठ्याखाली एक. नखं रुतल्याच्या. ताज्या. माझी नखं कामासाठी कायम कापलेली असायची. तिची स्वतःची झिजून बोटांबरोबर झालेली. मी एका खुणेवर बोट ठेवून विचारलं, "हे कळतंय?"

"नाय," ती म्हणाली. "तुजा बोट नाय लागत."

दुसऱ्या दिवशी वाशीच्या ऑफिसात आमच्या प्रमुख डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. भला माणूस. ओरडले नाहीत. मेलेल्या नसांमध्येही कधी कधी खोट्या संवेदना उठतात, हे त्यांनी मला नीट समजावलं.

"आणि खुणा, सर?"

"डाव्या हाताने दाबलं असेल. तू सतत तिच्या हाताकडे बघत होतीस?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही सर. मी लिहीतही होते."

"मग?" एवढंच बोलून त्यांनी फॉर्मवर "अविश्वसनीय, पुन्हा तपासावे" असा शेरा मारला. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

पुढच्या फेरीला धर्मा भेटला. मंदा बाळंत झाली, मुलगी झाली, म्हणाला. कधी? तर त्याच मंगळवारी, पनवेलला. दिवस भरायच्या महिनाभर आधीच. दिवस गेलेत हे त्याने बहिणीला सांगितलं होतं, पण त्या दिवशी मंदाला पनवेलला हलवलंय हे त्यालाही संध्याकाळी कळलं होतं. मी समाजमंदिरात जाऊन बसले आणि समासातल्या त्या वेळा आठवायला लागले. सहा, पाच, चार, दोन... तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, पण कळा कशा येतात एवढं ट्रेनिंगमध्ये शिकले होते.

नियमात बसत नव्हतं, तरी मी तळोज्याला गेले. जीप नाही, बॅग नाही, एसटीने. कुष्ठरोगाच्या कामावरची बाई दारात आलेली कुणी पाहिली असती तर त्या मुलीचा संसार उठला असता. आधी गावच्या एका दुकानात चौकशी केली, मग घरी जाऊन "मंदाची शाळेतली मैत्रीण" असं सासूला सांगितलं. मंदाने मला ओळखलं नाही, पण काही बोलली नाही. सासू चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी एवढंच विचारलं, "फार त्रास झाला का गं?"

"झाला ना. पण एक बाई होती जवळ. मी तिचा हात सोडलाच नाही. नखं रुतली असतील तिला. नंतर नर्सला विचारला, ती वाकड्या बोटांची बाई कोन होती? तर म्हणे अशी कोनीच नाय इकडे."

"किती वाजता झालं बाळ?"

"बाराच्या आधी." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुमी कोन?"

मी वचन दिलं होतं. "परत येते," म्हणाले आणि उठले. बसमध्ये मला रडू आलं, कशाचं ते सांगता येणार नाही.

चांगुणामावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, देवाचं नाव घेईल, रडेल. तिने विचारलं, "माजी बोटां टोचली काय गो तिला?"

"नाही मावशी. ती म्हणाली, सोडलाच नाही हात."

ती म्हणाली, "मंग सांग तिला."

ते सांगणं सोपं गेलं नाही. मी पुन्हा तळोज्याला जाऊन मंदाला एकटीला गाठलं. ती आधी माझ्यावर चिडली, मग धर्मामामावर. पण दोन महिन्यांनी, मामाकडे जाऊन येते असं सासरी सांगून, ती बाळाला घेऊन समाजमंदिरात आली. चांगुणामावशीने दोन्ही हात पदराखाली लपवले होते. गोळ्या सुरू आहेत, आता तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, हे मी दोघींना दोनदा समजावून सांगितलं. मंदाने बाळ माझ्याकडे दिलं, आईच्या पदराखालून उजवा हात ओढून काढला, उलटा केला, सुलटा केला. "ह्योच," म्हणाली. आणि दोन्ही हातांत घट्ट धरून बसली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मावशी, लागतोय का हात?"

तिने लेकीच्या हातांकडे पाहिलं. "नाय गो," म्हणाली. "कायच लागत नाय." मग मंदाला म्हणाली, "पन तू सोरू नको."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं. कितीतरी हात तपासले. असं पुन्हा कधी घडलं नाही. चांगुणामावशीच्या हातात संवेदना आली नाही ती आलीच नाही, शेवटपर्यंत चित्र कोरंच राहिलं. नसांच्या मोठमोठ्या तज्ज्ञांना मी हे सांगितलं आहे. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी विषय बदलला. डॉक्टरांचा तो शेरा चुकीचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही, आणि बरोबर होता असंही मला म्हणवत नाही. खुणा मी पाहिल्या. त्या कशा आल्या, हे मला माहीत नाही.