माजघरातला रेडा

नांदुऱ्यात रुळांपलीकडे मी घर बांधलं, तेव्हा तिथं घरं भराभर उठत होती. विहीर मात्र एकच. पाणी आणणारा पखालवाला आपल्या रेड्याशी सासऱ्याशी बोलावं तसा अदबीनं बोलायचा.

पहिल्याच सकाळी तो रेडा पखालीसकट पुढच्या दारातून शिरला आणि मागच्या दारातून निघून गेला.

"काऊन बे, हे घर हाय का रस्ता?" मी ओरडलो.

"रस्ताच होता मालक. मधात तुम्ही आले."

दुसऱ्या दिवशी मी मागचं दार लावलं. रेडा माजघरातच अडून बसला आणि सारी वस्ती घागरी घेऊन माझ्या अंगणात भांडायला आली. शेवटी मी दोन्ही दारं रुंद केली.

परवा जेवत होतो, तर आतून वरात चालली. वाजंत्रीवाला म्हणाला, "काका, सरका ना जरा. रस्त्यात काऊन जेवून राह्यले?"