प्लास्टिकच्या हिरवळीला पाणी

आज, मंगळवार, सकाळी सव्वादहा. मी खाली उतरले तर नवघरच्या आमच्या सोसायटीच्या कमिटीने बालवाडीच्या मुलांचा मुळ्याचा वाफा फरश्यांखाली गाडला होता. वर प्लास्टिकची हिरवळ.

निवृत्त झाल्यापासून या मुलांना मी वाफ्यावरच शिकवतेय. माती उकरायची, नळापासून मगाने पाणी आणायचं, उगवेल ते खायचं. चार वर्षांची ओवी घरी ताटातली भाजी बाजूला सारायची. इथे स्वतः खुडलेली मेथी तिने कच्चीच खाल्ली. तिची आई रडायचीच बाकी होती.

"मॅडम, चिखल होत होता, पेरेंट्सच्या कम्प्लेंट होत्या," सेक्रेटरी म्हणाले. "आता बघा, एकदम क्लीन!"

"क्लीन तर तुमचं डोकंही आहे," मी म्हणाले. "तिथेही काही उगवत नाही."

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी अशा उलट उत्तरासाठी मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

तेवढ्यात मुलं मग घेऊन धावत आली. ओवीने रोजच्या जागी पाणी ओतलं. ते हिरवळीवरून वाहत तिच्या चपलांत गेलं.

"टीचर, आज मुळा पाणीच पीत नाहीये," असं म्हणून ती दुसरा मग आणायला पळालीसुद्धा.

माझ्याच्याने तिला थांबवलं गेलं नाही.

शुक्रवारी ते मुळे उपटून लिंबू-मीठ लावून खायचे होते. तुम्ही काय सांगितलं असतं तिला? ते कमिटीने शुक्रवारी सकाळी दहाच्या आत लेखी कळवावं. सव्वादहाला ओवी मग घेऊन येईल.